शब्द पोथीत, चाल गळ्यात
(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वस्तांनी आम्हाला विषय दिला, ‘दिंडीच्या चालींची जपणूक’. आता आम्ही शिकलो चौथी. पोटासाठी शेती आणि देवासाठी कीर्तन, एवढाच आमचा धंदा. पण गेलं वर्षभर आपल्या गावची पोरं-पोरी आपल्या चाली कॉम्प्युटरवर उतरवतायत. त्यांच्याजवळ बसून गायला आम्ही होतो, आणि जे समजलं नाही ते विचारायलाही होतो. आमची नात समजावून सांगायची, आम्ही ते आपल्या रानातल्या भाषेत लावून घ्यायचो. तेच आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी गरज काय ते बघू. मंडळी, संतांनी शब्द दिले, ते आपल्याकडं शाबूत आहेत. तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाडे महाराजांनी अभंग वहीत उतरवून ठेवले. वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा लोकांच्या मुखात गाथा तरली, असं आपण कीर्तनात सांगतो. पुढं गाथा छापली गेली, घरोघरी गेली. आज कुणी एखादा शब्द चुकला तर शेजारचा पोथी उघडून दाखवतो. पण चाल चुकली तर काय उघडून दाखवायचं? शब्द पोथीत राहिले, चाल गळ्यातच राहिली. आणि गळा माणसाबरोबर जातो.

आपल्याच दिंडीचं बघा. आपल्या थोरल्या विणेकरीबाबांची रूपाच्या अभंगाची एक चाल होती. पहाटे मुक्कामावरून निघताना ते ती लावायचे. बाबा वैकुंठवासी झाले. मागं राहिली एका जुन्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग. ती लावली की बाबांचा आवाज कळतो, पण टाळ म्हणजे डबक्यातले बुडबुडे वाटतात, आणि दुसऱ्या चरणात आवाज कुठं चढतो ते त्या गलक्यात सापडतच नाही. ती चाल येणारे आता दोनच जण उरलेत. दोघांचीही ऐंशी उलटली. एक आज इथं पुढंच बसलेत, त्यांना उदंड आयुष्य लाभो. म्हणून म्हणतो, हा विषय कॉम्प्युटरचा कमी आणि आपल्या घरचा जास्त आहे.

आता ‘फाइल’ या शब्दाला भिऊ नका. फाइल म्हणजे साठवण. आपल्याकडं धान्य साठवायच्या तऱ्हा असतात, तशा आवाज साठवायच्याही तऱ्हा आहेत. 

पहिली तऱ्हा वेव्ह. हा अख्खा दाणा समजा. माइकपुढं जे वाजलं ते यंत्र बारीक बारीक मोजमापं घेऊन लिहितं. सीडीच्या मापानं धरलं तर एका सेकंदात ४४,१०० मोजमापं, तीही डाव्या-उजव्या कानाची वेगवेगळी. यात काही गाळत नाहीत, म्हणून जागा लई लागते. एका मिनिटाला साधारण १० एमबी. दोन तासांचं कीर्तन असलं तर सव्वा जीबी.

दुसरी तऱ्हा फ्लॅक. ही कापसाची गाठ. कापूस दाबून गाठ बांधली की जागा कमी लागते, आणि गाठ सोडली की कापूस जेवढा होता तेवढाच निघतो. फ्लॅकनं जागा निम्म्याच्या आसपास येते, पण हरवत काहीच नाही.

तिसरी तऱ्हा एमपी थ्री, तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ती घडवली आणि १९९५ साली तिला हे नाव मिळालं. हे चाळलेलं पीठ. युक्ती अशी, की टाळ जोरात वाजला की त्या क्षणी शेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला लागत नाही. मग जे लागतच नाही ते कशाला ठेवा, म्हणून यंत्र ते गाळून टाकतं. मिनिटाला १० एमबीऐवजी एक एमबीत भागतं. मोबाइलवर ऐकायला, पाठांतर करायला ही सोय फार चांगली. पण चाळणी जास्त घट्ट धरली की आधी बळी जातो टाळाचा. टाळाचा आवाज वरच्या पट्टीचा, झणझणीत. तो बारीक चाळणीतून नीट येतच नाही. जुन्या मोबाइलच्या रेकॉर्डिंगची साठवण तर बोलण्यापुरतीच केलेली, तिच्यात वरचे आवाज मुळात शिरतच नाहीत. बाबांच्या रेकॉर्डिंगमधले बुडबुडे तिथून आले.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. एमपी थ्रीची फाइल कुणी वेव्ह करून दिली तर आकार वाढेल, पण गेलेला आवाज परत येणार नाही. पिठाचं पोतं मोठं केलं म्हणून त्यात गहू भरत नाही. आणि एमपी थ्री उघडून, कापून, पुन्हा एमपी थ्रीच केली, तर दर वेळी नव्यानं चाळणी लागते. म्हणून कापाकापी करायची ती अख्ख्या दाण्यावर, वेव्हवर करायची, आणि पीठ अगदी शेवटी दळायचं. मोबाइलवरून निरोपासारखा आवाज पाठवला तरी वाटेत अशीच चाळणी लागते. मूळ फाइल पाठवायची तर कागदपत्र पाठवतात तशी, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मग ती आहे तशी पोचते.

हे झालं आवाज साठवण्याचं. पण मंडळी, नुसत्या आवाजावरून नवा पोरगा चाल शिकतो का? शिकतो, पण चाचपडत. गलक्यातून सूर वेगळा काढणं सगळ्यांना जमत नाही. त्यासाठी सूर लिहून ठेवावे लागतात. आपल्या मुलखात हे काम आधी झालेलं आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या गवयांकडून चिजा ऐकल्या, लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली. एवढ्या खुणांवर गाणं कागदावर आलं. तसंच काम आता यंत्रावर होतं. त्याचे प्रोग्राम आहेत, म्यूझस्कोर नावाचा तर फुकट मिळतो. त्यात पाच रेघांवर सूर मांडतात. आपली पांढरी एक धरून लिहिलेली चाल काळी चारमध्ये पाहिजे असली तर एका आज्ञेत सगळी चाल सरकते. विणेकऱ्याचा गळा जसा, तशी पट्टी.

या लिहिलेल्या फाइलीत आवाज नसतो. त्यात हुकूम असतात. कोणता सूर, कधी, किती वेळ. म्हणून ती अगदी लहान, काही केबींची. दाणा नाही, पीठ नाही. पेरणी कशी करायची त्याचं ते टिपण. अशा टिपणांच्याही दोन जाती नातीनं सांगितल्या. एक मिडी. ही १९८३ पासून आहे, वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेली. आपण कीबोर्डवर वाजवलं की कोणती पट्टी किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढं ती लिहून घेते. दुसरी म्यूझिक एक्सएमएल. ही २००४ साली आली. एका प्रोग्राममध्ये लिहिलेला सुरांचा कागद दुसऱ्या प्रोग्राममध्ये जसाच्या तसा उघडावा, म्हणून ही. दोन्हींत फरक काय, हे आम्हाला कळलं ते ध्रुपदापाशी.

आता जरा लक्ष द्या, खरी गोम इथं आहे.

आपली पोथी उघडा. अभंगात एका ठिकाणी ॥ध्रु॥ असं छापलेलं असतं. ते छापलंय एकदाच. पण आपण म्हणतो किती वेळा? प्रत्येक चरण झाला की पुन्हा ध्रुपद. कीर्तनकार चरण सोडतो आणि मागचे टाळकरी ध्रुपद धरतात. पोथीत ते परत परत छापत नाहीत, कारण टाळकऱ्याला ठाऊक असतं. नांगर धरणाऱ्याला बांधावर वळ म्हणून सांगावं लागत नाही, बैलसुद्धा आपणहून वळतात. यंत्राला मात्र बांध दिसत नाही. कुठून, कुठवर, किती वेळा, हे तीन्ही त्याला सांगावंच लागतं.

सांगायची खूण सोपी आहे. एक जाड उभी रेघ, एक बारीक उभी रेघ, शेजारी दोन टिंबं. टिंबं रेघांच्या उजवीकडं असली तर ‘इथून’. डावीकडं असली तर ‘इथवर, आता माघारी फिर’. ‘इथून’ची खूण राहिली तर यंत्र पार आरंभाला जातं. किती वेळा ते सांगितलं नाही तर यंत्र दोनदाच वाजवून पुढं जातं. आपल्या अभंगाला ध्रुपद सोडून चार चरण असतील, तर ध्रुपदाच्या आधी ‘इथून’, चरणाच्या शेवटी ‘इथवर’, आणि आकडा चार. चारही चरणांचे शब्द त्याच सुरांखाली एकाखाली एक चार ओळींत लिहायचे. शेवटी ध्रुपद उरतंच. त्याला इटलीच्या भाषेतले दोन शब्द वापरतात. ‘डा कापो’ म्हणजे डोक्यापासून, पहिल्यापासून. ‘फिने’ म्हणजे संपलं. चरणांच्या शेवटी ‘डा कापो’ लिहायचं आणि ध्रुपदाच्या शेवटी ‘फिने’. यंत्र माघारी येऊन ध्रुपद म्हणतं आणि थांबतं. चार पानांचं काम एका पानात बसतं.

आता मिडीचा फरक. मिडीत ही माघारीची खूण नसतेच. तिला एवढंच ठाऊक, की हा सूर आता, तो सूर नंतर. म्हणून नातीनं कीबोर्डवर पुरी चाल वाजवून मिडी केली आणि ती सुरांच्या कागदावर उघडली, तेव्हा ध्रुपद पाच वेळा, चरण चार वेळा, सगळं लांबलचक पसरलेलं. उलट म्यूझिक एक्सएमएलमध्ये खुणा खुणांसारख्याच राहतात. चाल दुसऱ्याला द्यायची तर हीच द्यावी.

मग ती पसरलेली चाल आवरायची कशी? पहिलं ध्रुपद आणि पहिला चरण ठेवायचा, पुढचं पुसायचं, खुणा टाकायच्या. पण इथंच दोन खड्डे आहेत. ते सांगितल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही.

पहिला खड्डा मात्रांचा. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. यंत्रात एका आवर्तनाचं एक घर धरायचं, पटावर असतात तसं. पण आपली किती तरी ध्रुपदं समेवर सुरू होत नाहीत. मुखडा आधीच उचलतात, समजा तीन मात्रा आधी. मग पहिल्या घरात तीनच मात्रा असतात. पोरांनी शेवटचं घर आठ मात्रांचं पुरं भरलं आणि माघारीची खूण टाकली. वाजवलं, तर आपला मृदंगवाला बोटांवर मोजून म्हणाला, ‘तीन मात्रा जादा झाल्या, सम हुकली.’ बरोबरच होतं. शेवटच्या आठ आणि मुखड्याच्या तीन मिळून अकरा झाल्या. शेवटच्या घरात पाचच मात्रा ठेवायच्या. पाच आणि तीन, आठ. मुखडा जेवढा आधी उचलला तेवढं शेवटचं घर आखूड करायचं, एवढं सूत्र पाठ ठेवा. शाळेतलं वजाबाकीचं गणित आहे, पण ते चुकलं तर शंभर टाळ एका वेळी अडखळतील.

दुसरा खड्डा याहून खोल. दोन चरण कागदावर सारखे दिसले म्हणून एक पुसून टाकायचं, ही घाई. त्या दोन ज्येष्ठांपैकी जे बाबा पुढं बसलेत, त्यांच्याकडून पोरांनी चाल घेतली. तीन चरण एकसारखे गेले. चौथा, संतांची नाममुद्रा येते तो चरण, पोरांनी त्याच खुणेत गुंडाळला. यंत्रानं वाजवलं, तशी बाबांनी मान हलवली. म्हणाले, ‘ही आमची चाल नव्हं.’ आम्ही पुन्हा ऐकलं. नाममुद्रेच्या चरणात शेवटच्या आवर्तनाला बाबा वर तार षड्जाला हात लावून खाली येतात, आणि तिथूनच शेवटचं ध्रुपद चढतं. चालीचा सगळा जीव त्या एका आवर्तनात होता, आणि पुसलं जात होतं नेमकं तेच.

याला यंत्रात उपाय आहे. शेवटची दोन घरं शेजारी शेजारी लिहायची. एकावर आडवी चौकट काढून लिहायचं १, २, ३. दुसऱ्यावर लिहायचं ४. पहिले तीन वेळा यंत्र पहिल्या घरातून माघारी वळतं. चौथ्या वेळी पहिलं घर ओलांडून दुसऱ्यात जातं, म्हणजे वर चढतं. आणि शेवटचं ध्रुपद लय वाढवून, वरच्या सुरात म्हणायचं असेल, तर तिथं ‘डा कापो’ची काटकसर करायची नाही. ते सरळ वेगळं लिहायचं. जिथं खरंच तेच आहे तिथं खूण, जिथं शेपूट वेगळं तिथं चौकट, आणि जिथं अंगच वेगळं तिथं नवी ओळ. हे ठरवायला कॉम्प्युटर येत नाही. त्याला ज्यानं चाल आयुष्यभर म्हटली तो माणूस शेजारी बसावा लागतो. तो आहे तोवरच हे काम होईल.

आता काही जुनी मंडळी म्हणतात, यंत्रात घातली की चाल मरते, पोरं बटण दाबतील आणि गळा चालवायची नाहीत. या म्हणण्यात खोटं काही नाही. पाच रेघांवर मींड पुरी उतरत नाही, टाळाची पावली उतरत नाही, आणि बोल म्हणताना डोळ्यांत येतं ते पाणी तर नाहीच नाही. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं आजही पोरगा गुरूपुढं बसूनच शिकतो. ते मोडायचं नाही. पण आम्ही शेतकरी आहोत. कणगीत बी ठेवलं म्हणजे शेती झाली, असं आम्ही म्हणत नाही. आणि पेरायचंच आहे म्हणून कणगी नको, असंही म्हणत नाही. दुष्काळाच्या सालात ज्याच्या कणगीत बी असतं तोच पुढच्या मृगाला पेरतो. फाइल ही कणगी. रान म्हणजे पोरांचा गळा.

म्हणून दिंडीपुढं आमचं मागणं ठेवतो. एक, प्रत्येक चाल शांत जागी, एकट्या आवाजात एकदा आणि टाळ-मृदंगासकट एकदा, वेव्हमध्ये घ्यावी. ती मूळ फाइल कधीही पुसू नये. दोन, पोरांच्या मोबाइलसाठी तिची एमपी थ्री करावी. तीन, सुरांचा कागद म्यूझिक एक्सएमएलमध्ये ठेवावा आणि छापून वहीतही लावावा, कारण वीज गेली तरी वही उघडते. चार, फाइलीच्या नावात अभंगाचा क्रमांक, कोणाची चाल, पट्टी आणि साल लिहावं. नुसतं ‘नवीन एक’, ‘नवीन दोन’ अशी नावं नकोत. पाच, तीन जागी तीन प्रती ठेवाव्यात, एक दिंडीच्या फडावर, एक मंदिरात, एक गावाबाहेर. गाथा तरली ती अनेक मुखांत होती म्हणून.

आणि सहावं सगळ्यांत आधीचं. ते दोन ज्येष्ठ आपल्यात आहेत. आषाढीच्या प्रस्थानाआधी त्यांच्या घरी जायचं, त्यांना बोलावून दमवायचं नाही. सकाळच्या वेळी, चहापाणी झाल्यावर, एका दिवशी एकच चाल. पोरांनी यंत्र सांभाळावं, आम्ही टाळ धरू. त्यांनी मान हलवली तर पुन्हा लिहायचं, आणि त्यांनी ‘हां’ म्हटलं की मगच फाइल बंद करायची.

शंभर वर्षं ही दिंडी पायांनी चालली आणि गळ्यांनी जगली. पुढचा विणेकरी आज कुणाच्या तरी घरात पाळण्यात असेल. त्याच्या हाती वीणा देताना चालही पुरी द्यायची आहे, तार षड्जाच्या त्या आवर्तनासकट.

रामकृष्ण हरी!